एक खिळा कमी

२ जानेवारी

मशीन आलं. ते घरात आणायचं नाही असा दारातच हुकूम झाला, म्हणून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलंय. हुकूम ऐकून मला मनापासून बरं वाटलं. गेल्या दोन महिन्यांत सिस्टरने कशालाही नाही म्हटलेलं नव्हतं. हो सुद्धा म्हटलेलं नव्हतं.

सिस्टर म्हणजे माझी बायको. ऑपरेशन थिएटरमध्ये आयुष्य गेलं तिचं, त्यामुळे अख्खी गल्ली तिला सिस्टर म्हणते आणि ऐकून ऐकून मलाही तीच सवय लागली. स्वतःच्या बायकोला चारचौघांत सिस्टर म्हणणारा नवरा या शहरात मी एकटाच असेन. नोव्हेंबरात ती निवृत्त झाली. हार, घड्याळ, भाषणं सगळं यथासांग झालं आणि दुसऱ्या दिवसापासून ती खिडकीत बसली ती बसलीच. आजारी नाही, रडत नाही, विचारलं तर "काही नाही हो" म्हणते. भांडत नाही, हे सगळ्यात वाईट. मला भीती वाटते. हे फक्त इथे लिहितो.

जेवणाचं टेबल लेकीच्या नव्या घरी गेलं. तेव्हापासून सिस्टर मांडीवर ताट घेऊन खिडकीत जेवते आणि मी टीव्हीसमोर. माझं निदान पक्कं आहे: घरात टेबल नाही, हाच रोग. समोरासमोर बसलो की दोन शब्द होतील, दोनाचे चार होतील. विकतचं टेबल आणता आलं असतं, पण मग मी दिवसभर काय करू? तीन वर्षांपूर्वी मीही बसडेपोतून निवृत्त झालोय आणि आता मला कोणाचं वेळापत्रक करायचं नाही.

म्हणून भंगारवाल्याकडून एका गोदामाचा जुना दरवाजा आणलाय. जाड, भक्कम फळ्या, वर रंगाचे थर आणि जिकडेतिकडे खिळे. त्या फळ्या सारख्या करायला हा प्लेनर. फळी एका तोंडातून आत सरकवायची, आतल्या फिरत्या रुळावरची पाती वरचा पापुद्रा काढतात आणि दुसऱ्या तोंडातून ती एकसारख्या जाडीची, गुळगुळीत होऊन बाहेर येते. जाहिरातीत लिहिलं होतं, "कुठेही सहज न्या." न्यायला मी, गाडीवाला आणि शेजारचे शिट्टीमास्तर असे तिघे लागलो. मास्तर शाळेत कवायत घ्यायचे. निवृत्त झाले तरी गळ्यातली शिट्टी आणि मफलर काही उतरलेला नाही.

४ जानेवारी

मुहूर्त केला. वखारीतून आणलेली नवी फळी सरावासाठी घेतली. बटण दाबल्यावर जो आवाज झाला, त्याने समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली आणि मीही जागच्या जागी थोडा उडालो. फळी आत गेली. बाहेर यायला वेळ लावतेय म्हणून मी मागून वाकून आत डोकावलो.

"थांबा!"

मी तो आवाज पूर्वी कधीच ऐकलेला नव्हता. मोठाही नव्हता फारसा. पण माझा हात आपोआप बटणावर गेला आणि मशीन बंद झालं. दारात सिस्टर उभी. ती एवढंच म्हणाली, "आत कोण बघतं असं? डोळे जास्तीचे आहेत का?" आणि गेली. माहितीपुस्तिका मात्र घेऊन गेली. मी अजून वाचली नव्हती.

६ जानेवारी

सिस्टरने पुस्तिका पाठ केलीय. आज सकाळी खडू घेऊन शेडमध्ये आली आणि जमिनीवर मशीनच्या बाजूला एक चौकोन काढला. मी उभं राहायचं ते त्या चौकोनात. फळीच्या रेषेत, पुढे किंवा मागे, कधीच नाही. "फळी उलटी फेकली गेली तर सरळ येते. पोटात," ती म्हणाली. मशीन नुसतं टेबलावर ठेवलेलं होतं, ते बोल्ट लावून पक्कं करायला लावलं. मग माझं घड्याळ उतरवलं, अंगठी उतरवली, शर्टाच्या बाह्या कोपरावर दुमडून घट्ट केल्या. मी हातमोजे घातले होते, तेही काढायला लावले. मला वाटलं होतं हातमोज्यांवर तरी खूश होईल. म्हणाली, "मोजा अडकला की बोट त्याच्या मागे जातं." डोळ्यांवर चष्मा, नाकावर मास्क, कानांवर कर्णकवच. आरशात पाहिलं तर मी दरोडेखोरासारखा दिसत होतो.

हौस म्हणून आणलेलं मशीन आणि वर हेडमास्तरीण. पण वाद घालत बसलो नाही. बिचारीला तेवढाच विरंगुळा.

९ जानेवारी

कानांवर कवच असल्यामुळे एकमेकांचं ऐकू येत नाही, म्हणून सिस्टरने खुणा ठरवल्यात. तळहात वर म्हणजे थांबा. बोट खाली म्हणजे प्लग काढा. प्लग हाताने काढून मला दाखवायचा, नुसतं बटण बंद केलेलं तिला चालत नाही. आज भुशाची नळी तुंबली, मी सवयीने आत बोट घालणार तोच तळहात वर. प्लग काढा, दाखवा, मग काठीने साफ करा. डेपोत आम्ही दहा मिनिटं उशिराच्या गाडीला वेळेवर म्हणायचो. सिस्टरच्या खात्यात अशी सूट नसावी.

शिट्टीमास्तर बघायला आले. मफलर लोंबत होता. सिस्टरने त्यांना दाराबाहेर उभं केलं आणि म्हणाली, "मास्तर, ते गळ्यातलं घरी ठेवून या, नाहीतर मशीन तुम्हाला आत ओढून गुळगुळीत करून बाहेर काढेल." मास्तर गेले ते मफलर आणि शिट्टी दोन्ही ठेवून आले. मी त्यांना पहिल्यांदाच शिट्टीशिवाय पाहिलं. आणि सिस्टर हसली. पण ती मास्तरांना हसली, त्यामुळे हे खरं हसणं धरत नाही.

जेवायला आत जायचं राहूनच गेलं. सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर फळी आडवी टाकून तिथेच ताटं मांडली. टेबल लवकर व्हायला हवं.

१२ जानेवारी

भांडण झालं. एका वेळी किती जाडी काढायची यावरून. मी म्हटलं, एकदाच दाबून काढू, वेळ वाचेल. ती म्हणाली, कागदाएवढा पापुद्रा, पुन्हा पुन्हा. मी म्हटलं, असं तर टेबल नातवंडांच्या लग्नात होईल. ती म्हणाली, घाई कोणाला आहे? मग वीतभर लांबीचा एक तुकडा मी आत घालायला निघालो. तिने हातातून काढून घेतला. एवढा छोटा तुकडा रुळांमध्ये धरला जात नाही, आत उभा राहतो आणि गोळीसारखा सुटतो म्हणे. मी म्हटलं, तुला एवढं कसं माहीत? ती म्हणाली, "वाचलंय. तुम्हीही वाचा."

घसा बसेपर्यंत भांडलो. मग चहा. पुन्हा फळीवरच.

१५ जानेवारी

लेकीचा फोन आला होता. म्हणाली, "आई कशी आहे?" मी म्हटलं, तशीच आहे, काही फरक नाही, दिवसभर शेडमध्ये माझ्या डोक्यावर बसलेली असते, सकाळी माझ्याआधी तयार होऊन, जेवणही तिथेच फळीवर. लेक म्हणाली, "बाबा, नीट ऐका तुम्ही स्वतः काय बोललात ते." हल्लीची मुलं कोड्यात बोलतात.

मी माझ्या बाजूने उपाय शोधून ठेवलाय. मेहुणी समुद्राकाठच्या गावात राहते. महिनाभर हवापालट, बहिणीची सोबत, वाळूवर फिरणं. तिला फोन करून सगळं ठरवलं. एकोणीस तारखेची बस.

सिस्टरला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पडला. "आत्ता? दरवाजाच्या फळ्या सुट्या करायच्यात अजून," म्हणाली. माझ्यासाठी मन मारतेय, दुसरं काय. मी ठाम राहिलो.

१७ जानेवारी

दरवाजाच्या फळ्या सुट्या केल्या आणि खिळे उपटायला बसलो. म्हणजे मी पक्कड घेऊन आणि सिस्टर तिचा तो लांब नाकाचा चिमटा घेऊन. निरोपसमारंभात तो तिने मागून घेतला होता म्हणे, मला आज कळलं. लाकडाच्या पोटात रुतलेलं खिळ्याचं टोक ती अशा नजाकतीने धरते की मी बघतच राहिलो. प्रत्येक खिळ्याच्या खुणेभोवती खडूचा गोल. निघालेला खिळा पांढऱ्या ताटलीत. शेवटी गोल मोजायचे आणि खिळे मोजायचे.

विचारलं, एवढं कशाला? म्हणाली, थिएटरमध्ये पोट शिवायच्या आधी गॉजचे तुकडे, सुया, चिमटे सगळं मोजतात. आधी जेवढे, तेवढेच नंतर. सिस्टर "काउंट बरोबर" म्हणत नाही तोवर मोठ्यातल्या मोठ्या सर्जनला टाका घालता येत नाही. "माझ्या हातून कधीही काउंट चुकीचा असताना पोट बंद झालं नाही," ती म्हणाली. फुशारकी मारल्यासारखी नाही, नाव-पत्ता सांगावा तशी.

पाच फळ्यांपैकी चार झाल्या. छान दिवस गेला.

१८ जानेवारी

पाचव्या फळीत एक खिळा कमी. गोल जास्त, खिळा कमी. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. सगळ्या खुणा तपासल्या. काही भोकं काळ्या रंगाने भरलेली, कशात खिळा आहे आणि कशातून तो पूर्वीच पडलाय हे कळायला मार्ग नाही. मी म्हटलं, भोक असेल नुसतं. ती म्हणाली, "असेल म्हणून चालत नाही."

दुपारी जाहीर केलं, "खिळा सापडेपर्यंत मी जाणार नाही. तिकीट रद्द करा."

आता आली का पंचाईत! बस उद्याची, मेहुणी वाट बघतेय, हवापालट एका खिळ्यापायी बोंबलणार. मी शांतपणे विचार केला आणि एक युक्ती काढली. माझ्या डब्यातून तेवढाच एक खिळा घेतला, ठोकून वाकवला, ओल्या मातीत लोळवला, चुलीवरच्या काजळीने काळा केला. मग शेडमधून ओरडलो, "सापडला गं!"

ती धावत आली. चिमट्याने खिळा धरला, फिरवून पाहिला, ताटलीत टाकला. टण् असा आवाज झाला. आणि म्हणाली, "काउंट बरोबर."

काय आवाज होता तो! खांदे खाली आले तिचे. रात्री गुणगुणत सामान भरलं. मी स्वतःवर बेहद्द खूश आहे.

१९ जानेवारी

बसमध्ये बसवून दिलं. खिडकीतून म्हणाली, "चौकोनात उभे राहा. आणि मी नाही म्हणून घाई करू नका." म्हटलं, तू मजा कर.

घर फार मोठं वाटतंय. टीव्हीसमोर जेवलो. फळीवर जाऊन जेवणार होतो, पण एकट्याने ताट तिकडे नेणं बावळटपणाचं वाटलं.

२० जानेवारी

अक्षर वाकडं येतंय.

सकाळी पाचवी फळी लावली. ती परत येईपर्यंत टेबल उभं करून चकित करायचं होतं. चष्मा, कवच, बाह्या, सगळं नेमाने केलं. मागून किती पापुद्रा निघाला ते वाकून बघायचा मोह झाला. ती बघायला नव्हतीच. एक पाऊल टाकलंसुद्धा. मग खाली खडूचा चौकोन दिसला, आणि का कोण जाणे, मुकाट्याने परत आत आलो.

मग तो आवाज. कडाड्! ठिणगी उडाली, मशीन किंचाळलं, फळी उलटी सुटली आणि मागच्या पत्र्यावर जाऊन आदळली. मी बटण बंद केलं. प्लग काढला, आणि समोर कोणी नसताना हात वर करून दाखवला.

पात्याला दोन मोठ्या खाचा पडल्यात, एक तुकडा उडालाय. पत्र्याला फळीच्या टोकाने खोक पाडलीय. तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. बरोबर माझ्या पोटाच्या उंचीवर.

बराच वेळ खाली बसून राहिलो. मग तिला फोन केला. मशीन बिघडलं एवढंच सांगावं असं मनात आलं होतं. पण तोंडातून निघालं, "काउंट चुकीचा होता. तो खिळा मी डब्यातून काढून दिला होता."

पलीकडून तोच आवाज, चार तारखेचा.

"हात?"

"आहेत. दोन्ही."

"बोटं?"

"आहेत गं सगळी."

"मोजा. मला ऐकू येईल असं मोजा."

मी शेडमध्ये जमिनीवर बसून, साठी उलटलेला माणूस, फोनवर मोठ्याने स्वतःची बोटं मोजली. दहा भरली.

"प्लग काढलाय?"

"हो."

"कशालाही हात लावू नका. मी निघतेय."

मेहुणी मागून "अगं, आत्ता तर आलीस" म्हणताना ऐकू आली.

२१ जानेवारी

सिस्टर आली. बॅग दारात टाकून थेट शेडमध्ये. माझे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, पत्र्याच्या खोकीत स्वतःचा हात घालून पाहिला, आणि मग माझ्यावर जी उखडली! इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला एवढं चिडलेलं पाहिलेलं नाही. शिट्टीमास्तर कुंपणाशी आले होते, ते आल्या पावली परतले.

"हरवलेल्याचं काही वाटलं नसतं मला. हरवतं. मग शोधायचं असतं. तुम्ही मला 'बरोबर' म्हणायला लावलंत! माझ्या तोंडून!"

मी म्हटलं, तू बहिणीकडे जावंस म्हणून केलं. तुला बरं वाटावं म्हणून.

ती एकदम खाली बसली, भुशातच. म्हणाली, "निवृत्त झाल्यापासून मी थांबा म्हटलं तर कोण थांबणार होतं? कोणाला गरजच नव्हती. भाजीत मीठ किती, एवढंच विचारायचं राहिलं होतं लोकांनी. तुम्ही थांबलात. पहिल्याच दिवशी, मी हाक मारली आणि बटण बंद केलंत. वाटलं, आपण अजून आहोत. आणि तुम्ही मला समुद्रावर पाठवलंत."

मला रडू आलं. तिच्यासमोर आलं, हेही लिहून ठेवतो.

थोड्या वेळाने मी म्हटलं, मशीन विकून टाकतो. परत तुझ्या जिवाला घोर नको.

"विकाच," ती डोळे पुसत म्हणाली, "मी पुन्हा बहिणीकडे निघून जाते की नाही बघा."

२२ जानेवारी

बहिणीच्या घरून ती एक मोठं लोहचुंबक घेऊन आलीय, जुन्या स्पीकरमधलं. मेहुणीचा स्पीकर आता गप्प आहे. ते दोरीला बांधून पाचव्या फळीवरून इंचाइंचाने फिरवलं. एका गाठीपाशी चुंबक खाली झुकलं. चिमटा, मग बारीक छिन्नी, मग पुन्हा चिमटा. खिळ्याचं उरलेलं टोक निघालं. भुसा चाळून वरचा तुकडा काढला, पात्याचा उडालेला कपचाही मिळाला. सगळं ताटलीत जोडून पाहिलं, खिळा पुरा झाला, पातं पुरं झालं. माझा काजळी फासलेला खिळा तिने दोन बोटांनी उचलून खिडकीबाहेर टाकला.

मग माझ्याकडे वळली. "आता तुम्ही मोजा."

मी मोजलं. दुसऱ्यांदाही मोजलं. आणि म्हटलं, "काउंट बरोबर."

"मोठ्याने," ती म्हणाली.

३० जानेवारी

नवी पाती बसवली, प्लग काढून आणि दाखवून. टेबल उभं राहिलं. चार पाय, त्यांतला एक किंचित आखूड, त्याखाली पुठ्ठा. वरची फळी मात्र अशी की हात फिरवत राहावंसं वाटतं. पाचव्या फळीत जिथून खिळा काढला तिथे एक काळा ठिपका राहिलाय. मी तो पुट्टीने भरणार होतो. सिस्टर म्हणाली, राहू दे.

टेबल घरात आणलं आणि त्यावर पहिल्यांदा जेवलो. समोरासमोर. लेकीला फोटो पाठवला, खाली लिहिलं, "अखेर एकत्र जेवायला लागलो." तिचं उत्तर आलं, "बाबा, तुम्ही महिनाभर एकत्रच जेवताय. फळीवर."

मी विचार करत बसलो. खरंच की.

पण जेवण झाल्यावर सिस्टर ताटं उचलून आत गेली, मग बाहेर येऊन खिडकीपाशी उभी राहिली. बराच वेळ. टेबल तर झालं. आता काय?

१ फेब्रुवारी

सकाळपासून सिस्टर खिडकीतच. मी चारदा पाणी प्यायला त्या खोलीत गेलो. पाचव्या वेळी तिने वळूनही न बघता विचारलं, "तहान लागलीय की पाळत ठेवताय?" म्हटलं, तहान. मग उद्या तिला कुठे न्यायचं याचा विचार करत बसलो. संगीताचा क्लास? बागकाम? एकही धड सुचेना.

दुपारी ती एकदम उठली आणि अनवाणीच फाटकाकडे धावली. बाहेर भंगारवाला हातगाडी लावत होता. गाडीवर एक दरवाजा, आपल्या पहिल्या दरवाजापेक्षा दीडपट मोठा, कोण जाणे कुठल्या किल्ल्याचा. दोन दिवस ती खिडकीतून त्याचीच वाट बघत होती. सांगून ठेवलं होतं तिने त्याला, माझ्या पाठीमागे.

मी म्हटलं, "अगं, आता कशाला? टेबल झालं की. याचं काय करायचं?"

सिस्टर दरवाजावरून हात फिरवत होती. चष्मा कपाळावर चढवलेला, गाल लालेलाल. नोव्हेंबरापासून शोधत होतो तो चेहरा.

"ते नंतर ठरवू," ती म्हणाली. "आधी हे बघा तरी! अहो, किती खिळे आहेत यात!"